दौलतराव बसत का नव्हते

सप्ताह कोणत्या गावात होत नाही? पण प्रत्येक गावाला सांगायला आपलं एक नवल लागतं. कुणाचा मंडप मोठा, कुणाच्या पंगतीला बुंदी, कुणाकडे आळंदीला शिकून आलेले महाराज. किन्हीराजातल्या माणसाला विचाराल तर तो म्हणायचा, "आमच्याकडं दौलतराव हायेत. सप्ता बसला, का हा मानूस बसत नाही."

खोटं नव्हतं ते. सप्ताह सुरू झाला की वीणा जमिनीला टेकवायची नाही ही रीत. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस, पाळीपाळीनं. त्या पाळीला पहारा म्हणतात. आता गावातली पोरं पहाऱ्याला नाव देतात आणि वेळेवर गायब होतात. मग दौलतराव म्हणायचे, "राहू द्या बाप्पा, मी हावो ना उभा." स्वतःचा पहारा संपला की दुसऱ्याचा, तो संपला की तिसऱ्याचा. पंगतीतसुद्धा ते मांडी घालत नसत. खांबाला टेकून उभ्या उभ्या दोन घास पोटात ढकलायचे. लोक आयाबायांना दाखवायचे, "पाहा, याले म्हनतात भक्ती."

हे कानावर आलं की त्यांची बायको भागिरथाबाई पदर तोंडाला लावायची. बायकांना वाटे, नवऱ्याचं कौतुक ऐकून म्हातारी लाजली. पण दौलतराव बसत का नाहीत, हे साऱ्या गावात त्या एकट्या बाईला ठाऊक होतं. त्यांना बसताच येत नव्हतं.

दोन वर्षांमागं, तुरीची सोंगणी चालली असताना, नाल्यावर धोतर धुताना तिला पहिल्यांदा डाग दिसला.

"अवो, हे काय हाये?"

"कायचं काय?"

"धोतराले. रक्त हाये."

"लघवीले उन्हाळी लागली असन."

"पौषात उन्हाळी? अन् तेही मागून?"

संडासात गेले की हा माणूस लवकर बाहेर येत नसे, चुलीवरची भाकर गार होऊन वातड व्हायची, ते सगळं तिला तेव्हा एकदम उमगलं. आत कुंथणं चालायचं. खाणं तरी कसलं होतं? मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, बेसन. पालेभाजी केली तर "मी काय गाय हावो?" म्हणून ताट सारायचे. एकादशी, सोमवार, चतुर्थी, सगळे उपास साबुदाण्यावर. आणि पाणी? वीणा गळ्यात असताना लघवीला कसं जायचं, म्हणून पाणी प्यायचंच नाही. ती सवय इतकी अंगात मुरली की सप्ताह नसला तरी तांब्या भरलेलाच राहायचा.

मग नदीपलीकडच्या खेड्यातल्या एकानं केळात घालून काही औषध दिलं. रक्त थांबलं. दौलतरावांनी त्याला नारळ दिला, शालही पांघरवली. या दुखण्याची खरी लबाडी हीच असते. ते आपल्या मनानं येतं, आपल्या मनानं थांबतं, आणि थांबतं त्या दिवशी ज्यानं जे दिलं असेल त्याला यश देऊन जातं. पुढच्या हिवाळ्यात ते परत आलं, तेव्हा मोड बाहेर येऊ लागले होते. बोटानं आत ढकलावे लागत. बसलं की कळ माथ्यापर्यंत जाई.

त्याच दिवसांत त्यांनी भागिरथाबाईचा हात आपल्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर ठेवला.

"कोनाले सांगायचं नाही. घे शपथ."

"दवाखान्यात तं जाऊ. तिथं काय गाव येते?"

"दवाखाना गावातच हाये ना. अन् तुले समजत नाही काय? रक्त जाते वं अंगातून. विटाळच तो. बाईले चार दिवस देवळाची पायरी चढू देत नाहीत. मंग माह्या गळ्यात वीणा कोन घालन?"

भागिरथाबाई पाहत राहिली. जन्मभर ती त्या चार दिवसांत बाजूला बसली होती, कीर्तन दुरून ऐकलं होतं, आणि त्यात तिला कधी काही गैर वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटलं. पण माळेवर हात होता. माळकरी बाईनं माळेची शपथ घेतली की ती मेल्यावरच सुटायची.

"नाही सांगत कोनाले," ती म्हणाली.

तिनं शब्द पाळला. त्याला एकच वळसा घातला. सरकारी दवाखान्यात पौर्णिमा नर्स होती, धम्मरत्न मास्तरांची लेक. शिकून आली आणि आपल्याच गावात लागली. भागिरथाबाई तिच्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, मले मूळव्याध झाला."

"काकू, कधीपासून?"

"झाली दोन वर्सं."

"रक्त किती जाते?"

"धोतर… लुगडं भिजते."

पौर्णिमानं पेन खाली ठेवलं. उठून काकूची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मग तिनं दार लोटलं.

"काकू, तुमच्या पापन्या आतून लाल हायेत. ज्याचं दोन वर्सं रक्त जाते, त्याच्या पांढऱ्या पडतात. काकाले काहून नाही आनलं?"

"मी काहीच नाही म्हनलं बरं!" भागिरथाबाई घाबरून उठली.

"नाही म्हनलं तुमी. बसा." पौर्णिमा हसली, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "ज्याले कोनाले असन, त्याले सांगा. भरपूर पानी पेवाचं. पालेभाजी, वरन, काकडी, पेरू, ज्वारीची भाकर, जे पोटात चोथा करते ते. संडासची कळ आली का लगेच जावाचं, दाबून धरायची नाही, अन् आत बसून कुंथायचं नाही. टपात कोमट पानी घेऊन त्यात बसायचं, आराम पडते. अन् तासन्‌तास उभं राहनं नाही. बसून राहनं जसं वाईट, तसंच तेही. ह्या लोहाच्या गोळ्या. पन काकू, गोळ्यानं भागनार नाही. डॉक्टरनं एकदा बोट घालून तपासलंच पाहिजे. साठीच्या मानसाचं रक्त जाते तं ते मूळव्याधीचंच हाये, असं घरी बसून नाही ठरवता येत."

"पोरी, तू लहान होतीस तवा ते तुले खांद्यावर घेऊन सप्त्यात फिरवायचे."

"तेच तं आडवं येते ना," पौर्णिमा म्हणाली. "तालुक्याले, मालेगावले न्या. तिथं मी नाही."

ती घरी आल्यावर दौलतरावांनी गोळ्या पाहिल्या आणि सगळं ओळखलं. रागावले नाहीत. रागवायचं तरी बळ कुठं होतं? पेरू खाल्ले, टपात बसले, पंधरवडाभर बरंही वाटलं. मग म्हणाले, "सप्ता होऊन जाऊ दे. मंग मालेगाव."

लेक हरीओम संभाजीनगरला कंपनीत. त्याचा रविवारी फोन यायचा. "बाबा कसे हायेत?" भागिरथाबाई म्हणायची, "बरे हायेत." बोलणं संपल्यावर ती जरा वेळ तशीच बसायची, हातात फोन धरून.

सप्ताह बसला. पंगतीला आपल्या वऱ्हाडातलं ठरलेलं, रोडगे आणि वांग्याची झणझणीत भाजी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला तो कणकेचा घट्ट गोळा, त्यावर लाल तर्री. दौलतराव खांबाला टेकून खायचे आणि वरून पाणी नाही. भागिरथाबाई दुरून ताकाचा पेला दाखवायची, ते मान हलवायचे. रोज रात्री धोतर धुताना पाणी जास्त लाल दिसायचं. त्यांचे ओठ पांढरे पडत चालले. जिना नाही, चढ नाही, सपाट अंगणात त्यांना दम लागायचा.

"आज पहारा नोका घेऊ," ती विनवू लागली.

"उद्या काला हाये. एकच दिवस. मंग तू म्हनशीन तिथं येतो. त्या पोरीपुढंसुद्धा निजतो, बस?"

काल्याच्या दिवशी सकाळपासून मंडप गच्च. ऊन कोवळं होतं, मधोमध दहीहंडी टांगलेली, टाळकऱ्यांच्या रांगा दुतर्फा. पुढं भागवत महाराज, मागं त्यांच्या खांद्याशी वीणा घेऊन दौलतराव. भागवत महाराज म्हणजे गोड गळ्याचे आणि हजरजबाबी. रडवायचे, हसवायचे. आणि एक सवय, कीर्तनातून कोणी मधेच उठलं की त्याला सोडायचे नाहीत. त्या भीतीनं बायका सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत.

भागिरथाबाई पहिल्या रांगेत होती. तिचं सगळं लक्ष महाराजांच्या खांद्यामागं. दौलतरावांचा चेहरा खडूसारखा झाला होता. ते एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देत होते, मग परत पहिल्यावर. एकदा त्यांनी मंडपाचा बांबू धरला. तारेवरचं बोट थांबलं, पुन्हा चाललं. तिनं टाळकऱ्यांकडे खूण केली. टाळकरी डोळे मिटून तल्लीन. शेजारच्या ललिताबाईच्या हाती पाण्याचा पेला पुढं पाठवला. दौलतरावांनी मान हलवली, पेला तसाच हातोहात परत आला. कुणाला काय सांगावं? माळेवर ठेवलेला हात आठवायचा.

आणि नेमके तेव्हाच महाराज मागं वळले.

"माउली हो, तुमी बसून बसून कंटाळले. घडीघडीले बूड हलवून राह्यले." मंडप हसला. "आता ह्या मानसाकडं पाहा! आठ दिवस झाले, हा बसला नाही. का बसत नाही? सांगा, का बसत नाही?"

त्या सगळ्या गर्दीत ज्या एका माणसाला उत्तर माहीत होतं, ती पहिल्या रांगेत पदर चावत होती.

"अरे, ज्याचा देव विटेवर उभा, त्यानं बसावं कसं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला, जयघोष झाला. दौलतरावांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, समाधी लागली. भागिरथाबाईला दिसलं की ते आता पडणार.

बोलायचं नाही अशी शपथ होती. उठायचं नाही अशी नव्हती.

ती उठली.

"अवो माय!" महाराजांनी लगेच पकडलं. "हंडी फुटायची हाये अजून. घरी दूध उतू चाललं काय?"

सगळे हसले. ती बाहेर नाही, आत चालली, तेव्हा हसू जरा कमी झालं. टाळकऱ्यांच्या मधून ती वाट काढत गेली तेव्हा ते पार विरलं. ती नवऱ्यापुढं उभी राहिली.

"काय करतं वं?" दौलतराव पुटपुटले.

"द्या."

"हट. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. द्या म्हनते ना."

तिनं विणेच्या पट्ट्याखाली डोकं घातलं. क्षणभर एकाच पट्ट्यात दोन माना होत्या. लग्नात अंतरपाट सुटल्यावरही ती दोघं सगळ्यांसमोर इतकी जवळ उभी राहिली नव्हती. मग दौलतरावांनी मान काढून घेतली. विणेचा भार गेला आणि जणू त्या भारानंच त्यांना आजवर उभं धरलं होतं, असे ते जागच्या जागी खाली बसले, मग कुशीवर कलले. पाठीमागचं धोतर कमरेपासून गुडघ्यापर्यंत लाल होतं.

मंडपातून एकच आवाज उठला. बाप्ये धावले. मंडपाला लागून धम्मरत्न मास्तरांचं घर, दारात गाडी उभी. मास्तर आणि पौर्णिमा तशीच पळत आली. चौघांनी उचललं, गाडीत आडवं घातलं. पौर्णिमा मनगट धरून आत बसली. "काकू कुठी हायेत? काकूले घ्या!" ती ओरडत होती.

काकू मंडपात होती. तिच्या गळ्यात वीणा होती.

"कोनी घ्या ना," भागिरथाबाई म्हणाली.

सारे बाप्ये गाडीपाशी. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "रक्त लागलं असन तिले." भागवत महाराज चिपळ्या हातात धरून उभे होते, त्यांची नजर सतरंजीवरच्या डागावरून निघत नव्हती. भागिरथाबाईनं जमिनीकडे पाहिलं. ठेवली असती तर? एक पाऊल, वाकायचं, ठेवायचं. पण जन्मभर ज्या वस्तूला जमीन लागू दिली नाही, ती त्या दिवशी तिच्या हातून सुटेना. बाहेर गाडी सुरू झाली. आवाज मालेगावच्या रस्त्यानं दूर गेला. ती बोटानं तार छेडत राहिली. दुसरं काय करावं, तिला कळत नव्हतं.

मग मागून कमलीबाई आली. पाठीतून वाकलेली, कपाळ कोरं असलेली म्हातारी. तिनं उभ्या जन्मात विणेला हात लावला नव्हता.

"आन व माय इकडं. माह्यं काय बुडते? देव काय मले खाते? जाय तू."

भागिरथाबाई कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागून निघाली. मालेगावहून दौलतरावांना पुढं वाशीमला पाठवलं होतं.

वाशीमच्या दवाखान्यात रक्ताची पिशवी थेंबथेंब उतरत होती. डॉक्टर तिच्या हरीओमच्या वयाचे. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसले.

"मावशी, गुदाच्या तोंडाशी सगळ्यांनाच शिरांच्या गाद्या असतात. कुंथून कुंथून त्या फुगतात, खाली सरकतात. पहिल्या वर्षी आले असते तर खाणं आणि पाणी बदलून भागलं असतं. त्यानंतर आले असते तर रबराचं कडं घातलं असतं, त्याच दिवशी घरी. आता ऑपरेशन. पण आधी रक्त भरू दे. आणि आतडं दुर्बिणीनं पाहायचंय. एवढं रक्त मूळव्याधीचंच आहे की आत आणखी काही आहे, हे पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही."

"आनखी काही म्हंजे?"

"पाहू ना. पाहिल्यावर सांगतो."

ती विचारणार होती, मी आधी बोलली असती तर? पण डॉक्टर उठले होते, आणि उत्तर तिला ठाऊकच होतं.

दौलतराव कुशीवर पडले होते. डोळे उघडले.

"वीणा?"

"कमलीबाईजवळ हाये."

"कमलीबाई?" त्यांनी चादर कमरेवर ओढून घेतली. "लोकायनं पाह्यलं?"

"पाह्यलं."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तिनं पेला पुढं केला. "पानी प्या." ते प्यायले नाहीत. ती पेला धरून बसली.

सायंकाळी भागवत महाराजांचा फोन आला.

"माय, कसे हायेत आमचे दौलतराव? मी उद्या जऊळक्याले कीर्तनाले उभा राहतो. दौलतरावायचंच नाव घेनार हावो. सांगनार हावो लोकायले, रक्त सांडलं पन वीणा सोडली नाही. मंडपच्या मंडप रडन, माय."

महाराजांचा शब्द भागिरथाबाईनं आजवर कधी खाली पडू दिला नव्हता. त्यांच्या कीर्तनासाठी ती पोरंसोरं घरी टाकून पायी गेली होती. पण शपथ आता कुठं उरली होती? साऱ्या गावानं पाहिलं होतं.

"महाराज, तसं नोका सांगू. ह्यायले बसता येत नव्हतं. मूळव्याध होता. म्हनून उभे राहत होते. दोन वर्सं लपवलं, शरमेनं. मीबी लपवलं. तेच सांगा. पानी प्या म्हना लोकायले. पेला हातोहात परत नोका पाठवू म्हना. कोनी कीर्तनातून उठलं तं उठू द्या म्हना. रक्त गेलं तं विटाळ नाही, दुखनं हाये म्हना."

"माय," महाराज म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, खरंच सुचत नव्हतं त्यांना, "हे कीर्तनात कसं सांगू मी?"

"पाहा तुमी," म्हणून तिनं फोन ठेवला.

पिशवीतलं रक्त निम्म्यावर आलं होतं. दौलतराव भिंतीकडेच तोंड करून होते, पण जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या खांद्यावरून तिला कळलं. पेला अजून तिच्या हातात होता. बऱ्याच वेळानं त्यांचा हात मागं आला, चाचपडत, पेल्याच्या दिशेनं.